दारं, धारा आणि आई

आईपण बाळंतपणापासून सुरू होते, असे वैद्यकाची पुस्तके म्हणतात. डाळजकडे ते सल्ल्यापासून सुरू होते. सुनेने दोन दिवस सकाळचा चहा नको म्हटला की तिसऱ्या दिवशी तिला ग्रहणात विळी धरू नये, पपईचे नाव काढू नये आणि डाव्या कुशीवर झोपावे हे सगळे कळलेले असते. सांगणाऱ्या बायांना मात्र अजून कुणी काही सांगितलेले नसते. डाळज पुणे–सोलापूर महामार्गावर भिगवण ओलांडल्यावर, इंदापूरच्या अलीकडे लागते. सरकारी कागदांत ते एक नाही, तीन आहे: डाळज नंबर एक, नंबर दोन आणि नंबर तीन. सासर एका नंबरात, चुलतसासर दुसऱ्यात आणि नणंद तिसऱ्यात दिलेली असली की एकाच ओकारीवर तीन गावांचे उपाय येतात. ते एकमेकांशी जुळत नाहीत. गरोदर बाईने तिन्ही ठिकाणी "बरं आत्याबाई" म्हणायचे असते. हा आईपणाचा पहिला धडा, आणि पुढे सर्वांत जास्त उपयोगी पडणाराही हाच.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण होते. हिरवी साडी, फुलांचे दागिने, हातात फुलांचे धनुष्य आणि समोर फोटोग्राफर. गर्भलिंगनिदानाला १९९४ च्या कायद्याने बंदी आहे. झाकलेल्या दोन वाट्यांपैकी एक उघडायला लावून पेढा निघतो की बर्फी, हे पाहायला नाही. या चाचणीचा निकाल साधारण निम्म्या वेळा बरोबर येतो, आणि उरलेल्या निम्म्या वेळा वाटी कुणी मांडली होती हे कुणाला आठवत नाही.

पहिले बाळंतपण माहेरी. पूर्वी ते सुईणीच्या हातून घरात होई, आता दवाखान्यात होते, आणि हा बदल इतका निखळ चांगला आहे की त्यात विनोदाला जागा नाही. विनोद पाचव्या रात्रीपासून सुरू होतो. पाटा-वरवंटा, विळा, कोरा कागद आणि पेन मांडून पाचवी पुजतात, कारण त्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळावर नशीब लिहिते. पूर्वी बोरू आणि दौत ठेवीत. आता बॉलपेन असते, आणि त्याचे टोपण काढून ठेवावे की देवी काढून घेईल यावर म्हाताऱ्या बायांत दुमत आहे. आईने त्या रात्री जागे राहावे असा रिवाज आहे. रिवाज नसता तरी फरक पडला नसता.

सव्वा महिन्याची बाळंतिणीची व्यवस्था जुनी आणि विचार करून बसवलेली आहे. डोक्या-कानाला फडके, बाजेखाली शेगडी, शेगडीत ओवा, वावडिंग आणि बाळंतशेपा. ही व्यवस्था ज्याने बसवली त्याच्या डोळ्यांपुढे हिवाळा असावा. इंदापूर तालुक्यातला मे महिना आणि पत्र्याची खोली खासच नसावी. दूध यावे म्हणून बाजरीची भाकरी, शेपूची भाजी, हाळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू असतात. लाडू दिवसाला एक असे प्रमाण ठरलेले आहे. पण भेटायला येणारी प्रत्येक पाहुणी "माझ्यापुढं खा बरं" म्हणत एक हातावर ठेवते, आणि दिवसाला पाहुण्या किती याचे प्रमाण कुणी ठरवलेले नाही.

या सव्वा महिन्यात बाळंतिणीला कारण नसताना रडू येते. पेढे वाटले जात असतात, आत्या बारशाला काय घालायचे ते ठरवत असते, आणि जिच्यामुळे हा सगळा सोहळा ती भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत असते. पहिल्या एक-दोन आठवड्यांत असे होणे नेहमीचे आहे. त्यापुढे टिकले, वाढले, तर डॉक्टरला दाखवायचे असते. गावात याला दृष्ट म्हणतात आणि मीठ-मोहरी ओवाळून चुलीत टाकतात. मीठ-मोहरीने काही बिघडत नाही. तेवढ्यावर भागवले तर बिघडते.

आता गोठ्याकडे वळणे भाग आहे. बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात उसाखालोखाल घर चालते ते दुधावर, आणि घरातल्या दोन आयांची तुलना तिथे आपोआप होते. गाय विण्याच्या साधारण दोन महिने आधी तिचे दूध आटवतात. हा तिचा भाकडकाळ. तो दिला नाही तर पुढच्या वेताचे दूध घटते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते, म्हणून तारीख कॅलेंडरवर गोल करून ठेवलेली असते आणि गाईच्या विश्रांतीला घरात कुणाचा विरोध नसतो. गाईचे दूध डेअरीत मोजतात, त्याला फॅट लागते, दर दहा दिवसांनी त्याचे पैसे येतात. बाईच्या कामाची फॅट काढणारे यंत्र अजून बसलेले नाही. म्हणून ती नवव्या महिन्यातही त्याच गाईची धार काढत बसलेली दिसते, आणि गाय तिच्याकडे जरा वरिष्ठपणे पाहते. गाय आजारी पडली की डॉक्टर मोटारसायकलवर घरी येतो. बाई आजारी पडली की मोटारसायकलवर बसून ती डॉक्टरकडे जाते, तीही मोटारसायकल डेअरीवरून परत आल्यावर.

कायद्याने रजा नाही असे नाही. १९६१ चा प्रसूती लाभ कायदा २०१७ मध्ये सुधारला आणि पहिल्या दोन मुलांसाठी पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. दहा किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या आस्थापनांना ही रजा लागू होते. डाळजच्या एकत्र कुटुंबात दहा माणसे सहज भरतात. ती कामाला नसतात एवढीच अडचण.

बाळ घरी आले की दोन विद्यापीठांत भांडण लागते. एका बाजूला आशाताई. दवाखान्यात बाळंतपण झालेल्या घरी तिने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी यायचे असते. ती सांगते, जन्मल्यापासून तासाभरात चीक पाजा आणि सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही देऊ नका, पाणीसुद्धा नाही. दुसऱ्या बाजूला आजी, जिच्या सहाणेवर मुरडशेंग, वेखंड, जायफळ, मायफळ, हळकुंड आणि बदाम यांचे ठरलेल्या वेढ्यांचे उगाळणे तयार असते. आजीचा युक्तिवाद एकच असतो: "तुझा नवरा काय गुटीबिगर वाढला?" आशाताईकडे पुस्तिका असते, पण नवऱ्याच्या रूपाने जिवंत पुरावा आजीकडे असतो, आणि तो पलीकडे घोरत असतो. आई दोघींनाही हो म्हणते. मग गुटीची वाटी पदराआड घेऊन परसात जाते, आणि तिथल्या कढीपत्त्याची वाढ त्या वर्षी बरी होते. शास्त्राच्या बाजूने एवढा शांत विजय क्वचित कुणी मिळवला असेल.

रात्रींचे प्रकरण वेगळे लिहावे लागते, कारण आईपणाचा मोठा भाग रात्रीच घडतो आणि दिवसा त्याची नोंद होत नाही. महामार्गाकडेच्या घरात रात्रभर ट्रक जातात, हॉर्न वाजतात, साखर कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या ट्रॅक्टरवर गाणी चालू असतात. या कशानेही बाळ उठत नाही. डब्याच्या झाकणाचा बारीक आवाज झाला, की उठते. आईला चार घास खाता यावेत म्हणून उघडलेला तो डबा असतो, हे त्याला झोपेतही कळते.

शेतीपंपांची थ्री फेज वीज काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री अशी पाळीने येते. रात्रपाळी असली की घरचा कर्ता बॅटरी, फावडे आणि काठी घेऊन उसाला दारं धरायला जातो. एका सरीतून पाणी दुसऱ्या सरीत वळवायचे, पाटाला भगदाड पडले तर बुजवायचे, साप आहे का पाहायचे, बिबट्या नाही असे मनाला समजवायचे. काम कष्टाचे आहे यात शंका नाही. त्याच रात्री घरातही दारं धरण्याचे काम चालू असते. ओले लंगोट बदलायचे, पाजायचे, ढेकर काढायची, खांद्यावर घेऊन ओट्यापासून उंबऱ्यापर्यंत येरझाऱ्या घालायच्या, खाली ठेवताच पुन्हा पहिल्यापासून. पहाटे दोघेही भेटतात. त्यांच्यातला फरक सकाळी दिसतो. "रात्री दारं धरली त्यानं, झोपू द्या," असे म्हणून कर्त्याच्या तोंडावरचे ऊन चादर लावून अडवले जाते आणि तो दहापर्यंत झोपतो. तिच्या रात्रीला असे ओळखीचे नाव नाही. "रात्री पोरानं धरली मला" असे तिने सांगून पाहिले, तर लोक हसतात आणि चहा मागतात.

सगळे नवरे सारखे नसतात, हेही नोंदवले पाहिजे. आता पोर कडेवर घेऊन अंगणवाडीच्या लसीकरणाला येणारे तरुण बाप दिसतात. बाप आला की त्याला खुर्ची मिळते. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याच्या सुया टोचताना पोर रडले तर बापाचेही डोळे भरून येतात, आणि चार बाया आधी त्याची समजूत घालतात. घरी आल्यावर सुईचा ताप चढतो तेव्हा तो बिचारा दमलेला असतो.

अंगणवाडीची योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात सुरू झाली, आणि तिच्यामुळे आईपणात परीक्षेचा प्रवेश झाला. दर महिन्याला पोराला काट्याला टांगून वजन घेतात आणि वाढीच्या तक्त्यावर ठिपका देतात. तक्त्यावर हिरवा, पिवळा आणि लाल असे पट्टे असतात. तक्ता पोराचा असतो, पण तो गुणपत्रक म्हणून वाचला जातो आईचा. ठिपका पिवळ्याकडे सरकला की सासू ओळ न चुकवता विचारते, "खायला घालतीस का न्हाई?" पोर त्या वेळी समोर बसून माती खात असते.

खाऊ घालण्याचा इतिहास चिमणीच्या घासापासून मोबाइलपर्यंत आला आहे. मोबाइलवर गाणे लागले की तोंड उघडते, बंद पडले की मिटते. रेंज गेली की वरणभात वाळतो. यावर टीका करणाऱ्यांनी अडीच वर्षांच्या पोराला भोपळ्याची भाजी एकदा भरवून दाखवावी. टीका बहुधा जेवण झाल्यावर, हात धुऊन केली जाते.

आईचे चांगले वर्णन करायला निवांतपणा लागतो, याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण मराठीतच आहे. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहून काढली. पुस्तक थोर आहे, अत्र्यांचा त्यावरचा चित्रपटही थोर. पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक त्यालाच मिळाले. पण त्यातल्या आईने स्वतः लिहायला घेतले असते तर दुसऱ्या ओळीला कुणीतरी पडले असते, कुणाला तरी शी लागली असती आणि दूध उतू गेले असते. डाळजच्या बाईला सलग पाच मिनिटे मिळण्याची जागा म्हणजे न्हाणीघर. तिथेही कडी लावताच दाराखालच्या फटीतून चार बोटे आत येतात आणि "आई, काय करतीस?" असा प्रश्न येतो. याला खरे उत्तर "रडतीय" असे असले तरी "कपडे धुतीय" असे दिले जाते.

आई चिडते, हेही लपवण्यात अर्थ नाही. ती लाटणे उगारते, कधी धपाटा घालते, "कुठून जन्माला आलं हे" असे मोठ्याने म्हणते, आणि शेजारच्या वस्तीपर्यंत ते ऐकू जाते. रात्री झोपलेल्या पोराकडे पाहून तिचा जीव कळवळतो, असे वाचायला मिळते. कळवळतो खरा. पण झोपलेले पोर सगळ्यांनाच आवडते. खरी कसोटी जागे असताना, आणि तेही पाहुण्यांपुढे.

हिवाळ्यात उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी येतात. १९८० साली धरण पुरे झाल्यावर भीमेचे पाणी पसरले, त्याच्या उथळ काठांवर हे थवे उतरू लागले आणि भिगवण, कुंभारगाव, डिकसळकडे लांब नळकांड्यांचे कॅमेरे येऊ लागले. या पक्ष्याची गृहव्यवस्था पाहण्यासारखी आहे. मादी एका वेळी एकच अंडे घालते. अंडे नर-मादी आळीपाळीने उबवतात. पिलासाठी दोघांच्याही अन्नमार्गात दुधासारखा लालसर रस तयार होतो, म्हणजे "माझ्याकडं कुठं दूध आहे?" ही सबब नराला उरत नाही. पाजता पाजता दोघांच्याही पिसांचा गुलाबी रंग उडतो. पिले जरा मोठी झाली की ती एका घोळक्यात ठेवतात आणि मोजके पक्षी त्यांच्यावर लक्ष ठेवतात. बाकीचे चरायला जातात. भारतात ही सगळी उस्तवार प्रामुख्याने कच्छच्या रणात उरकते. उजनीवर दिसतो तो पोरे हाताशी आल्यावर पुन्हा रंग चढलेला, एका पायावर निवांत उभा असलेला पालक. होडीतून त्याचे फोटो काढणारे पुण्याचे आईबाप तेव्हा "पाण्यात हात घालू नको" असे ओरडत असतात.

याच महिन्यांत बीड, अहिल्यानगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात आणि रानात कोप्या उभ्या राहतात. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात. उचल जोडीवर, हिशेब जोडीवर. त्या जोडीतली बाई पहाटे फडात जाते, तोडते, मोळ्या बांधते आणि डोक्यावरून ट्रकवर चढवते. पोर बांधाच्या बाभळीला बांधलेल्या साडीच्या झोळीत असते, आणि झोळीला झोका द्यायला पाच-सहा वर्षांची थोरली बहीण. सव्वा महिना, बाज, शेगडी, लाडू हा वर वर्णिलेला सगळा अध्याय तिला लागू नाही. ज्या बाईच्या उसाची तोड चालू आहे तीही पोर काखेला मारून पाणी द्यायला येते, दोघी एकमेकींच्या पोरांचे वय विचारतात, आणि मुकादमाची हाक आली की एक जण जाते.

शाळा हा आईपणाचा पुढचा टप्पा. जिल्हा परिषदेच्या शाळेत पोर चालत जाते आणि चालत येते, त्यात लिहिण्यासारखे फार नाही. इंग्रजी माध्यमाची पिवळी गाडी वस्तीवर यायला लागली की आईचे दुसरे शिक्षण सुरू होते. शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रात्री निरोप पडतो की उद्या पिवळा दिवस. कपडे पिवळे, डब्यातही पिवळे काही. हे सोपे जाते, हळदीला या भागात तोटा नाही. लाल दिवशी डाळिंब कामाला येते, इंदापूर त्यासाठी प्रसिद्ध आहे. हिरव्या दिवशी शेपू देता येतो, पोर तो परत आणते. निळ्या दिवशी मात्र अख्ख्या शेतीप्रधान देशाची पंचाईत होते. निळे असे काही पिकतच नाही. जांभळाला निळे म्हणता येईल का यावर ग्रुपवर चर्चा होते, पण हंगाम नसतो. शेवटी निळ्या डब्यात साधी पोळीभाजी जाते आणि बाई त्याला "छान" देतात.

‘प्रकल्पा’चा नियम असा, की त्याला पुठ्ठा लागतो आणि ते पोराला गाडीचा हॉर्न ऐकू आल्यावर आठवते.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाचे नाव, आईचे नाव, मग वडिलांचे नाव आणि आडनाव अशी मांडणी महाराष्ट्रात सक्तीची झाली. आईचे नाव कागदावर आले हे फार बरे झाले. गावात अजून ते चालू नाही. दुकानात, डेअरीवर, बचतगटाच्या बैठकीत ती "सोन्याची आई" असते, आणि बँकेतून तिच्या नावाने हाक आली की ती मागे वळून कोण आहे ते पाहते.

पुढे सोन्या मोठा होतो. पूर्वी भिगवण-बारामतीला शिकणाऱ्या पोरांचा डबा गावाहून एसटीने जाई. सकाळी फाट्यावर आई उभी, कंडक्टरच्या हातात डबा. डब्यावर चिठ्ठी, चिठ्ठीवर नाव. संध्याकाळी तोच डबा रिकामा परत. धुतलेला असला तर पोर आजारी आहे, असे आई समजे. आता पोरगा पोलीस भरतीची तयारी करतो, पहाटे महामार्गाच्या बाजूच्या रस्त्यावर धावतो, आणि रात्री हरभरे भिजत घालायला ती विसरत नाही. किंवा तो पुण्यात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. त्याचा फोन पंधरा सेकंदांचा असतो: "जेवलास का?" "हो." "काय?" "मेसचं." "बरं." यात दोघांचेही सगळे बोलून झालेले असते.

लग्नाच्या वेळी आईच्या तर्कशास्त्राची परीक्षा होते. शेतकरी मुलांना मुली मिळत नाहीत, हे दुखणे एवढे वाढले की डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात मुंडावळ्या बांधलेल्या, घोड्यावर बसलेल्या तरुणांचा मोर्चा कलेक्टर कचेरीवर गेला. मुलाची आई म्हणते, मुलींना काय कमी आहे शेतात? हीच बाई मुलीसाठी स्थळ पाहताना म्हणते, पुण्याला नोकरी पाहिजे, शेती असली तर चांगलीच, पण करायला नको. दोन्ही मते ती एकाच दुपारी, एकाच ओट्यावर बसून मांडते, आणि दोन्ही वेळा तिचे म्हणणे खरे असते. ती स्वतः पंचवीस वर्षे गोठ्यात बसलेली आहे.

मुलीचे लग्न होते, वर्ष-दोन वर्षांत ती माहेरपणाला येते, आणि आई आजी होते. आजी झालेली बाई ओळखू येत नाही. लाटणे हरवलेले असते. नातवंडाने पिठाचा डबा पालथा केला तर ती "खेळतंय बाई लेकरू" म्हणते. मागितले की गूळ, न मागता शेंगदाणे, तासन् तास मांडीवर. मुलगी हे पाहत राहते आणि शेवटी विचारतेच, "आम्हाला कधी असं घेऊन बसली नाहीस गं?" "तवा येळ कुठं हुता," असे म्हणून आजी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहते. पाच वाजलेले असतात. डेअरीची गाडी सहाला येते. नातवंड मुलीच्या मांडीवर ठेवून ती बादली उचलते आणि धारा काढायला जाते.